घरातून आवाजाचं काम करायचंय? ऑडिओ-टेक्निका एटी२०२० बद्दल इंदूरहून सविस्तर

आधीच सांगून टाकते, घ्या. दहा हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या माइकवर आवाजाचं खरंखुरं, पैसे मिळवून देणारं काम करायचं असेल आणि घरातली एक खोली तासभर शांत ठेवता येत असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्या "शांत ठेवता येत असेल तर" मध्येच सगळं आलं. बहुतेक रिव्ह्यूत काय करतात, माइक डब्यातून काढून दाखवतात, दोन वाक्यं बोलतात आणि झालं, ते ज्या खोलीत बसून बोलतायत तिथे काय काय करून ठेवलंय ते कोणी सांगत नाही. म्हणून मी जरा लांबण लावणार आहे, आणि नाटकातून आवाजाच्या कामाकडे वळणाऱ्यांसाठी मुद्दाम लावणार आहे, कारण आपली गरज यूट्यूबवर गप्पा मारणाऱ्यांपेक्षा वेगळी असते.

मी नाटकवाली. माहेर रामबागेत, सासर सुदामा नगरला, म्हणजे सगळं इंदूरातच. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी तालमीला जायचं, इथल्या हौशी मंडळींचं साधारण असंच असतं, कोणी बँकेत, कोणी एलआयसीत, कोणी दुकान सांभाळून, सातला जमायचं, दहाला घरी आणि प्रयोगाच्या दिवशी रजा टाकायची. इथला मराठी प्रेक्षक फार जाणता आहे, सानंद ह्या इथल्या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं नियमित बघतो, त्यामुळे आम्हा स्थानिकांचा प्रयोग असला तरी कोणी "घरचेच आहेत" म्हणून सूट देत नाही आणि ते बरंच आहे. मधली काही वर्षं मी मुंबईतही हातपाय मारले. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसायचं, उज्जैन, रतलाम, बडोदा करत सकाळी मुंबईत उतरायचं, कुणा नातेवाइकाकडे आंघोळ करून वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनला उभं राहायचं आणि बऱ्याचदा त्याच रात्री परत. कामं मिळाली, छोटी होती पण मनापासून केली. मग मुलाची शाळा सुरू झाली, सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आणि आम्ही घरात बसून शांतपणे ठरवलं की आता इथेच राहायचं.

पूर्वी नाटकवाल्यांना हा प्रश्नच नव्हता, घर कंपनीबरोबर फिरायचं. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी १९१८ मध्ये निघाली आणि पुढची कितीतरी वर्षं गावोगाव दौरे झाले, लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ ला आमच्या इंदूरात झाला. नटाच्या घरातली बायकामुलं कशी राहत असतील, कुठे स्वयंपाक, कुठे शाळा, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आम्हाला आज घर एका जागी ठेवून काम घरापर्यंत आणता येतंय, ही फार मोठी सोय आहे आणि ती अशा एका हातभर लांबीही नसलेल्या वस्तूमुळे झालीय.

कामं कुठली, तर मुख्य म्हणजे ऑडिओबुक. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पहिल्यापासून होती, तेव्हापासून मराठीत पुस्तकं ऐकणारा वर्ग चांगलाच तयार झाला आणि वाचणाऱ्या आवाजांची गरज वाढली. शिवाय शाळेच्या अभ्यासक्रमाचे व्हिडिओ, जाहिराती, एखाद्या कंपनीच्या ट्रेनिंगचं मराठी-हिंदी निवेदन, आणि व्हिडिओ ऑडिशन तर आता सगळ्यांनाच घरून पाठवाव्या लागतात. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदीही मातृभाषेसारखीच येते, त्याचा इथे सरळ फायदा होतो.

आता माइक. हा कंडेन्सर माइक आहे, म्हणजे आत एक पातळ पडदा आणि त्याच्यामागे प्लेट, आवाजाने पडदा हलला की त्या दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्याचा सिग्नल बनतो. स्टेजवर गाणाऱ्यांच्या हातात असतो तो डायनॅमिक, त्यात चुंबक आणि कॉइल असते, तो दणकट असतो पण बारीक आवाज इतक्या बारकाईने धरत नाही. एटी२०२० ला चालायला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती माइकच्याच केबलमधून जाते, म्हणून हा माइक नुसता आणून लॅपटॉपला जोडता येत नाही, मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, म्हणजे माइकचा सिग्नल लॅपटॉपपर्यंत पोचवणारी छोटी पेटी. माझ्याकडे फोकसराइटचा स्कार्लेट सोलो आहे. त्यावर ४८ व्होल्टचं बटण असतं ते दाबायचं, आणि गेनच्या, म्हणजे माइकचा सिग्नल कमी-जास्त करायच्या गोल बटणाभोवतीची रिंग हिरवी असली की ठीक, लाल झाली की आवाज फाटतोय असं समजायचं, इतकं सोपं आहे. माइक उघडायची गरज नाही, सेटिंग नाही, अंगावर एकही बटण नाही. वजन ३४५ ग्रॅम, पूर्ण धातूचा, हातात घेतला की ठोस वाटतो. डब्यात माइक, स्टँडवर बसवायचा जोड आणि एक मऊ पिशवी येते. बस. एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची), स्टँड, पॉप फिल्टर (तोंडातून येणारी हवा अडवणारी जाळी), बंद कपांचे हेडफोन हे सगळं वेगळं घ्यावं लागतं आणि इथेच लोकांचं बजेट कोलमडतं, म्हणून दहा हजार हाताशी असतील तर लगेच माइक मागवू नका, सगळं मिळून पंचवीसच्या आसपास जातं असं धरून चाला.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात ठेवायची, ह्या माइकमध्ये बाजूने बोलायचं असतं. टोकात नाही. कंपनीचं चिन्ह ज्या बाजूला आहे ती बाजू तोंडाकडे. समोरचं नीट ऐकतो, पाठीमागचं कमी ऐकतो, ह्याला कार्डिऑइड म्हणतात, त्यामुळे माइकची पाठ घरातल्या सगळ्यात गोंगाटाच्या दिशेला करून ठेवायची. माझ्याकडे ती स्वयंपाकघराकडे आहे. अंतर एक वीत. आपली वीत म्हणजे आठ-नऊ इंच, नेमकं पाहिजे तेवढंच, आणि मधे पॉप फिल्टर. मराठीला पॉप फिल्टर इंग्रजीपेक्षा जास्त लागतो असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडे ख, थ, फ, भ अशी हवा फेकणारी अक्षरं शब्दाशब्दाला येतात. "भाऊ फाटकापाशी थांबला" हे वाक्य फिल्टरशिवाय बोलून बघा, हेडफोनमध्ये धाडधाड ऐकू येईल. तरी राहिलंच तर माइक तोंडासमोरून किंचित तिरका करायचा, हवा बाजूने निघून जाते आणि आवाज तेवढाच येतो.

आता खोली. माझा सगळ्यात जास्त वेळ ह्याच्यात गेला आणि जो फरक पडला तोही ह्याच्यामुळेच. आपल्या घरांच्या भिंती सिमेंटच्या, फरशी गुळगुळीत, वर स्लॅब, आवाज टणाटण उड्या मारतो. कंडेन्सर ते सगळं इमानदारीने पकडतो, आणि मग तुम्ही कितीही चांगलं वाचा, ऐकणाऱ्याला वाटतं की बाथरूममधून बोलतायत. बाजारात त्याच्यासाठी काळे फोमचे चौकोन मिळतात, एक इंच जाडीचे, टोकदार दिसणारे, ते फक्त वरचे, पातळ आवाज शोषतात, खालचा जाड आवाज तसाच राहतो आणि एकंदर परिणाम डब्यात बोलल्यासारखा होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचं काही लोक सांगतात, त्यांनी काहीही होत नाही, त्यांच्यात तेवढा जाडपणाच नाही. 

आमच्याकडे कामाला आल्या त्या कापसाच्या रजया. इंदूरच्या थंडीसाठी घरोघरी असतातच, जड, भरगच्च, मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेल्या. शिवाय सासूबाईंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या. आमच्या मागच्या लहान खोलीत आधी धान्याच्या कोठ्या होत्या, त्या हलवल्या, नवऱ्याने प्लंबिंगच्या पाइपांची एक चौकट उभी केली आणि तिच्यावर तीन बाजूंनी रजया सोडल्या. रजई भिंतीला चिकटवायची नाही, चार-सहा बोटं जागा सोडायची, मधल्या हवेमुळे खालचा घुमणारा आवाजही बराच शोषला जातो. डोक्यावर एक गोधडी. पायाखाली सतरंजी दुहेरी. बोलणाऱ्याच्या पाठीमागेही काहीतरी जाड हवंच, कारण माइक समोरून बघतोय तो तुमच्याकडे आणि तुमच्या मागच्या भिंतीकडे. आत शिरून टाळी वाजवायची, टाळी "टप" अशी जागच्या जागी मेली की खोली झाली तयार, मागे "टन्न" अशी शेपूट राहिली तर अजून रजई पाहिजे. ह्याच्यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

अडचण एकच, उन्हाळा. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि त्या रजयांच्या गुहेत पंखा लावता येत नाही, कूलर तर शेजारच्या खोलीतलासुद्धा ऐकू येतो. मग पहाटेचं काम. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, बाहेर येऊन पाणी, पुन्हा आत. लॅपटॉप आत ठेवायचा नाही, त्याचा पंखा फिरतो, स्क्रिप्ट टॅबवर आणि लॅपटॉप दाराबाहेर. कागद वापरायचा झाला तर पान उलटताना थांबायचं.

आणि शहर. आमच्या इंदूरचा स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं पहिला नंबर आला, त्याचा आम्हा सगळ्यांना मनापासून अभिमान आहे, सकाळी निगमची कचरा गाडी गाणं वाजवत गल्लीत येते आणि सगळे डबे घेऊन धावतात. रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्या गाडीचं वेळापत्रक पाठ करायचं. आमच्या गल्लीत ती आली की मी थांबते, ओला-सुका-बाकीचे सगळे डबे मीच देऊन येते, तेवढाच घशाला आराम, आणि गाडी पुढच्या गल्लीत वळली की पुन्हा सुरू. भाजीवाल्याचा गाडा, कुकर, वरच्या मजल्यावर मिक्सर, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. गणपतीत अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात आणि रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, असते, त्या दिवशी काम धरायचंच नाही, घरच्यांना घेऊन बघायला जायचं. लग्नसराईत मात्र खरंच त्रास होतो, रात्री अकराला डीजे थांबला की मग बसायचं, कारण त्याचा ढब ढब बेस रजया काय, भिंतीही अडवू शकत नाहीत. 

घरच्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही, कारण हे काम घरातला एक माणूस करतो असं दिसतं पण करतं अख्खं घर. माइकसमोर बांगड्या चालत नाहीत. काचेच्या तर नाहीच, सोन्याच्या दोन असल्या तरी हात हलला की किणकिण येते, मंगळसूत्रही आत ओढून घ्यावं लागतं, सिंथेटिक कापड सळसळतं म्हणून जुना सुती गाउन किंवा मऊ झालेली सुती साडी. सासूबाईंना सुरुवातीला माझे रिकामे हात बघवेनात, बोलल्या काही नाहीत पण चेहऱ्यावर दिसायचं. मग एक दिवस त्यांनीच एक छोटी पितळेची वाटी त्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि म्हणाल्या, "बांगड्या इथे काढत जा गं, आणि बाहेर आलीस की पहिल्यांदा घाल." तेव्हापासून ती वाटी तिथेच आहे. त्यांचं अजून एक काम म्हणजे मी आत असले की त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात, दारावरची बेल वाजायच्या आधी उठून फाटकापाशी जातात, गुडघे दुखत असले तरी, मी नको म्हटलं तरी. आणि मुलगा. त्याला मी एडिटिंगचं थोडं शिकवलंय, ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात माझ्या चुका शोधायला त्याला फार आवडतं. चूक झाली की मी एक टाळी वाजवते आणि वाक्य पुन्हा घेते, स्क्रीनवर टाळीचा उंच सुळका दिसतो, तो म्हणतो, "आई, आज नऊ सुळके!" 

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले ती. नाटकवाल्यांना ह्या माइकसमोर अभिनय नव्याने जुळवावा लागतो. आपण आवाजाची फेक शिकलेलो असतो. रवींद्र नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं पाहिजे म्हणून पोटातून श्वास घ्यायचा, शब्द पुढे फेकायचा, वाक्याचा शेवट पडू द्यायचा नाही. हे सगळं ह्या वीतभर अंतरावर नको असतं. नको म्हणजे, श्वास तोच पोटातला, शब्दांची सफाई तीच, पण फेक नको. मी पहिल्यांदा पाठवलेला नमुना ऐकून एका निर्मातीने फोनवर सांगितलं, "ताई, तुम्ही हॉलला सांगताय, एका माणसाला सांगा." मग मी एक माणूस ठरवला, माझी आत्या, तिला दुपारी डोळे मिटून पडल्या पडल्या गोष्ट ऐकायची सवय होती. आता मी प्रत्येक पुस्तक तिलाच वाचून दाखवते, विनोदी असो की भयकथा.

ह्या माइकला जवळ गेलं की आवाजात आपोआप जाडी येते, त्याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात, कार्डिऑइड माइकमध्ये तो असतोच. नटाला हे हत्यार आहे. एखादं पात्र कानात काही सांगतंय, तर दोन बोटं पुढे सरकायचं, आवाज हळू, आणि ऐकणाऱ्याला अंगावर काटा येतो. रागाच्या ओरडण्याला एक हात मागे आणि तोंड जरा बाजूला. पुढे-मागे होताना आवाज किती बदलतो ते एकदा मापून ठेवायचं, अंतर निम्मं झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, म्हणून नकळत डुलणाऱ्या माणसांनी स्टुलावर न बसता पाठ टेकायची खुर्ची घ्यावी, न करकरणारी. माइकची स्वतःची क्षमता १४४ डेसिबलपर्यंत आहे, तुम्ही कितीही ओरडलात तरी माइक फाटणार नाही, त्याआधी इंटरफेसचा गेन फाटेल, तो कमी करून ओरडण्याचं वाक्य वेगळं घ्यायचं.

आणि रडणं. स्टेजवर रडायचं म्हणजे खांदे, पदर, पाठमोरं होणं, हे सगळं मदतीला असतं. इथे काहीच नाही. एका कादंबरीत मुलीचं पत्र वाचणारी आई होती, मी मनापासून रडत वाचलं, नंतर ऐकलं तर नुसता ओला आवाज, शब्द कळेनात, आणि मला स्वतःलाच काही वाटेना. पुन्हा वाचताना मी रडले नाही, "तुझी तब्येत" ह्या दोन शब्दांनंतर फक्त आवंढा गिळला आणि पुढचं वाक्य सरळ वाचलं. तो आवंढा माइकने इतका स्वच्छ पकडलाय की मुलगा एडिट करताना गप्प झाला, मग म्हणाला, "हा आवाज काढायचा की ठेवायचा?" ठेवायचा. श्वास, आवंढा, बोलण्याआधी ओठ उघडण्याचा तो बारीक आवाज, हे स्टेजवर दुसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही आणि इथे त्याच्यावरच सगळी भूमिका उभी राहते. हा अनुभव मला इतक्या वर्षांच्या नाटकाने दिला नव्हता आणि आता उलट फायदा असा की नाटकातही मी कमी करायला लागलेय, दिग्दर्शकाच्या लक्षात आलं.

इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडच्या मराठी मुलांना एक सांगायचंय. आपण हिंदी-गुजरातीत वाढतो, च आणि ज चे दोन उच्चार आपल्याकडून सरमिसळ होतात. चहा मधला च आणि चांगला मधला च, हे जग आणि तू जग, ह्यातले ज. बोलताना खपून जातं, ह्या माइकवर नाही खपत, दातांतला च नीट नसला तर पुण्यातला ऐकणारा लगेच थांबतो. मी एक जुनी वही केलीय, पुस्तक हातात आलं की असे शब्द आधी शोधून खूण करते आणि शंका आली की पुण्याच्या मावशीला फोन. त्याचबरोबर ण आणि ळ सांभाळा. पण पात्र माळव्यातलं असेल तर आपला सूर खुशाल वापरा, तो आपल्याइतका खरा कोणाकडे नाही.

उणिवा पण सांगते. ह्या माइकचा स्वतःचा आवाज, म्हणजे शांततेत येणारी बारीक सस्स, २० डेसिबल आहे असं कंपनीच सांगते. नेहमीच्या वाचनात ती दबून जाते, पण फार हळू, कुजबुजत वाचायचं असलं आणि गेन वाढवला की जाणवते. रोड कंपनीचा एनटी१ हा माइक ह्या बाबतीत कितीतरी शांत आहे, ४ डेसिबलच्या आसपास, पण त्याची किंमत आपल्याकडे बरीच जास्त पडते. ऑडिओबुकसाठी परदेशात जो मापदंड सर्रास धरतात त्यात मागचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो, माझ्या रजयांच्या खोलीत एटी२०२० वर तेवढं आरामात येतं, म्हणून मी बदललेला नाही. दुसरं, शॉक माउंट, म्हणजे धक्के झेलणारा जोड, डब्यात नाही, टेबलाला धक्का लागला की "ढब" असं रेकॉर्ड होतं, स्टँड टेबलावर न ठेवता जमिनीवर उभा केला तर बरंच भागतं. तिसरं, खालचा घरघराट कापायचं बटण माइकवर नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये करा, ८० हर्ट्झच्या आसपासचं कापलं की ट्रकची घरघर आणि पावलांचे धक्के बरेच जातात. पावसाळ्यात दमट हवेने कंडेन्सर माइक कुरकुरायला लागू शकतात, म्हणून काम झालं की स्टँडवर उघडा ठेवायचा नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा. माझा स्टीलच्या डब्यात राहतो, सासूबाईंच्या पापडांच्या डब्याशेजारी. 

खाण्याचंही सांगते कारण कोणी सांगत नाही. इंदूरच्या माणसाची सकाळ पोहे-जिलेबी-सेवेने होते आणि रेकॉर्डिंगच्या आधी ते चालत नाही, तिखट-तेलकटाने घसा धरतो, दुधाच्या चहाने तोंडात चिकटपणा येऊन प्रत्येक शब्दाआधी चिकचिक आवाज येतो. उपाशीही बसायचं नाही, पोट गुरगुरतं आणि माइक तेही ऐकतो. मऊ खिचडी किंवा केळं, कोमट पाणी आणि हिरवं सफरचंद, त्याने तोंडातला चिकटपणा जातो. पोहे काम संपल्यावर. वरून जिरावण मसाला घालून.

पैशाचं. ऑडिओबुकचे पैसे तयार तासाप्रमाणे मिळतात, म्हणजे एडिट होऊन जेवढे तास शेवटी उरतात त्याचे, तुम्ही किती तास खोलीत घामाघूम झालात त्याचे नाही. एका तयार तासाला वाचायलाच दोन-तीन तास लागतात, एडिटिंग स्वतः केलं तर त्याच्या वर. सुरुवातीला जास्तच. म्हणून भाव ठरवताना एडिटिंग धरून की सोडून हे लेखी विचारा, किती वेळा दुरुस्ती करून द्यायची तेही. एका कामाचे पैसे मला फार उशिरा मिळाले, तेव्हापासून मी अर्धे आधी मागते आणि मागताना लाजत नाही. नाटकाने आम्हाला पैसे मागायची सवय लावली नाही, हौस म्हणून करतोय ना मग कसे मागायचे, ह्या विचारात चांगले चांगले कलाकार फुकट राबतात, विशेषतः बायका. घरून काम केलं म्हणजे ते कमी काम होत नाही. माझ्या कमाईतून मुलाच्या शाळेची फी जाते ही गोष्ट मी नातेवाइकांमध्ये मुद्दाम सांगते.

कोणी घेऊ नये? ज्यांची खोली मुख्य रस्त्यावर आहे, किंवा घर इतकं लहान आहे की दार लावून बसणं शक्यच नाही, त्यांनी कंडेन्सर घेऊ नये, डायनॅमिक घ्यावा. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बनतोय, अगदी तोंडाजवळ धरून बोललं तर आजूबाजूचं बरंच सोडून देतो, आवाज एटी२०२० इतका उघडा-मोकळा येत नाही पण रस्ताही येत नाही. ज्यांना फक्त ऑनलाइन क्लास घ्यायचेत किंवा मीटिंगमध्ये बोलायचंय त्यांना इतक्या तामझामाची गरज नाही. ह्याच माइकचं यूएसबी मॉडेलही मिळतं, ते सरळ लॅपटॉपला लागतं, इंटरफेसचा खर्च वाचतो, ऑडिशन पाठवण्यापुरतं पुष्कळ आहे, पण पुढे इंटरफेस बदलून आवाज सुधारायची सोय त्यात राहत नाही, म्हणून ऑडिओबुक करायचं पक्कं असेल तर साधा एक्सएलआरवालाच घ्या. विकत घेताना बिल आणि वॉरंटी कार्ड बघून घ्या, आणि दुकानात तुमच्यासमोर लावून दाखवत असतील तर स्वतःचे हेडफोन घेऊन जा, एक मिनिट काहीही न बोलता फक्त शांतता रेकॉर्ड करून ऐका, मग "भाऊ फाटकापाशी थांबला" म्हणून बघा.